पत्र्याचा डबा, सुईचं भोक आणि दिवसभराचं एक्स्पोजर: घरातल्या पिनहोल फोटोंची सुरुवात

पिनहोल कॅमेऱ्याची, म्हणजे लेन्सऐवजी सुईच्या भोकातून फोटो घेणाऱ्या डब्याची, माहिती शोधली की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला मिळतो: डबा घेऊन उन्हात जा. उन्हात काम सोपं असतं, हे खरंच. लख्ख दुपारी फोटोपेपर भरलेल्या डब्याला अर्ध्या मिनिटाचं एक्स्पोजर (भोक उघडं ठेवण्याचा वेळ) पुरतं. तोच डबा घरात टेबलावर ठेवला की हिशोब मिनिटांवरून तासांवर जातो, आणि संध्याकाळी दिवे लावून फोटो घ्यायचा म्हटलं तर अख्खी रात्र लागते. नवखे इथेच कंटाळतात. मला मात्र पिनहोलची खरी मजा घरातच वाटते. पाच-सहा तास उघडा राहिलेला डबा खोलीत कोण आलं-गेलं याची फारशी दखल घेत नाही. जे जागेवर राहिलं ते नोंदवतो आणि उजेड कुठून कुठे सरकला ते नोंदवतो. त्यामुळे डबा तयार करण्याआधी खोलीतला उजेड ओळखून घ्या. डबा एका सुट्टीच्या दिवसात होतो. उजेडाची ओळख व्हायला जास्त वेळ लागतो.

आधी खोली बघा

ज्या खोलीत फोटो घ्यायचा आहे तिची खिडकी कोणत्या दिशेला आहे ते होकायंत्राने नीट पाहा. मोबाइलमधलं होकायंत्र चालेल.

पूर्वेच्या खिडकीतून सकाळचे दोन-तीन तास ऊन आत येतं, नंतर दिवसभर मऊ उजेड असतो. पश्चिमेला याच्या उलट. उत्तरेच्या खिडकीत वर्षातला बहुतेक काळ थेट ऊन येत नाही, म्हणून नवख्यासाठी ती सर्वांत सोपी. दिवसभर उजेड फार बदलत नाही आणि अंदाज सहसा चुकत नाही.

दक्षिणेच्या खिडकीचं गणित ऋतूवर असतं. डिसेंबरच्या उत्तरार्धात मुंबईच्या अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून साधारण ४७-४८ अंशांवर असतो. खिडकीची वरची कड जमिनीपासून २ मीटर उंच असेल आणि बाहेर छज्जा नसेल, तर तेव्हा ऊन खोलीत सुमारे १.८ मीटर आत येतं. मेच्या मध्याला मुंबई-पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य थेट डोक्यावर असल्यामुळे त्या दिवसांत भर दुपारी दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येतच नाही. म्हणजे एकाच खोलीचा हिवाळ्यातला फोटो आणि मे महिन्यातला फोटो वेगळे निघणार.

थेट उन्हाच्या कवडशापासून सुरुवातीला लांबच राहा. कवडसा आणि खोलीतला सावलीचा कोपरा यांच्या उजेडात काहीशे पटींचा फरक असू शकतो, आणि फोटोपेपरला तो पेलत नाही. कोपऱ्याला पुरेल इतका वेळ डबा उघडा ठेवला तर कवडसा फिरला तो सगळा पट्टा कोरा पांढरा येतो. पुढे हात बसला की हाच पट्टा मुद्दाम घेता येतो, खिडकीच्या ग्रिलची नक्षी जमिनीवरून सरकत गेलेली छान दिसते. पहिल्या फोटोत नको.

डबा

बटर कुकीजचा तो गोल, चपटा पत्र्याचा डबा बहुतेक घरांत असतोच. उघडल्यावर आत कधी बिस्किटं नसतात, सुई-दोरा आणि बटणं असतात. तोच घ्या, शिवणाचं सामान दुसरीकडे हलवा. साधारण १९ सेंटिमीटर व्यास आणि साडेसहा सेंटिमीटर खोली असते. तुमच्या डब्याची खोली पट्टीने मोजून लिहून ठेवा, पुढच्या सगळ्या हिशोबाचा पाया तीच आहे. या लेखातले आकडे ६५ मिलिमीटर खोली धरून आहेत.

चपटा डबा घ्यायचं कारण सरळ आहे. भोक आणि कागद यांच्यातलं अंतर जितकं कमी, तितका कागदावर उजेड जास्त पडतो आणि खोलीही जास्त मावते. घरात या दोन्ही गोष्टी हव्या असतात. दुधाच्या पावडरीच्या उंच डब्यातही कॅमेरा होतो, पण त्यात कागद वाकवून लावावा लागतो आणि फोटोत टेबलाच्या, छताच्या आडव्या रेषा धनुष्यासारख्या येतात. काहींना ते आवडतं. पहिल्या प्रयत्नात आपला डबा बिघडला की रेषाच तशा आल्या, हे कळत नाही.

डब्याच्या तळाच्या बरोबर मध्यभागी खिळा आणि हातोडीने किंवा ड्रिलने एक सेंटिमीटरचं छिद्र पाडा. आत उलटलेल्या कडा कानशीने घासून घ्या. मग आतून डबा आणि झाकण काळं करा. फळ्याला लावतात तो काळा रंग उत्तम, कारण तो चमकत नाही. नाहीतर काळा कार्डपेपर चिकटवा. चकचकीत काळा ऑइलपेंट नको, आत उजेड परावर्तित होऊन फोटो धुरकट येतो.

भोक

पूर्ण कॅमेऱ्यात नजाकतीचं काम एवढंच, म्हणून इथे घाई नको.

थंड पेयाच्या ॲल्युमिनियमच्या कॅनमधून कात्रीने दोन-तीन सेंटिमीटरचा चौकोन कापा. कडा ब्लेडसारख्या धारदार असतात, जपून. चौकोन जुन्या वहीवर ठेवा. घरातली सर्वांत बारीक सुई मध्यभागी उभी धरून हलकेच दाबा आणि गोल फिरवा. आरपार जाऊ द्यायची नाही, फक्त मागच्या बाजूला बारीक फुगवटा यायला हवा. तुकडा उलटा करून तो फुगवटा झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. घासता घासता तिथे ठिपक्याएवढं छिद्र उघडतं. त्यात सुईचं फक्त टोक घालून फिरवा, परत घासा, दुसऱ्या बाजूनेही तेच करा. धुऊन उजेडासमोर धरा आणि भिंगातून बघा. छिद्र गोल हवं, कडेला धातूचे केस नकोत. पत्रा भोकाजवळ जितका पातळ, तितके फोटोचे कोपरे बरे येतात. जाड पत्र्यात भोक बोगद्यासारखं होतं आणि तिरका उजेड अडतो.

भोक किती मोठं हवं? मोठं असेल तर चित्र पुसट, फार लहान असेल तर प्रकाश कडेवर वळून पसरतो आणि चित्र पुन्हा पुसटच. ६५ मिलिमीटर अंतराला ०.३ ते ०.३५ मिलिमीटर योग्य. मोजायला स्कॅनर वापरा: तुकडा १२०० डीपीआयवर स्कॅन करा आणि भोकाची रुंदी पिक्सेलमध्ये मोजा. या रिझोल्यूशनला एक पिक्सेल म्हणजे ०.०२१ मिलिमीटर, म्हणून १५-१६ पिक्सेल आले की ०.३३ मिलिमीटर झालं. ६५ ला ०.३३ ने भागलं की साधारण १९७ येतात. तुमचा कॅमेरा एफ/२०० चा झाला. हा आकडा जितका मोठा, तितका उजेड कमी आत येतो. नेहमीच्या कॅमेऱ्याची लेन्स एफ/१६ किंवा एफ/२२ ला थांबते, यावरून घरात तास का लागतात ते कळेल.

भोकाचा तुकडा डब्याच्या छिद्रावर आतून काळ्या टेपने चारी बाजूंनी बसवा. बाहेरून शटर म्हणून काळ्या टेपची पट्टी. पट्टीचा जो भाग भोकावर येणार तिथे काळ्या कागदाचा लहान तुकडा चिकटवा, म्हणजे टेपचा गोंद भोकात जाणार नाही. एक्स्पोजर तासांचं असल्यामुळे शटर उघडायला-मिटायला चार सेकंद जास्त लागले तरी काही बिघडत नाही.

कागद

स्टेशनरीच्या दुकानात 'फोटो पेपर' मागितलात तर प्रिंटरचा चकचकीत कागद देतील. तो इथे निरुपयोगी आहे, त्यात चांदीचे क्षार नसतात. आपल्याला हवा तो डार्करूममध्ये प्रिंट काढायचा ब्लॅक अँड व्हाइट कागद, आरसी (प्लास्टिकचा थर दिलेल्या) प्रकारचा, ग्लॉसी. ऑनलाइन मिळतो. मुंबईत सीएसएमटीजवळच्या बोरा बाजार भागात कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथेही चौकशी करता येते. पाच बाय सात इंचांचं लहान पाकीट घ्या. पाकीट उजेडात उघडायचं नाही, दुकानदारालाही उघडू द्यायचं नाही.

या कागदाला फिल्मऐवजी वापरण्याची दोन कारणं. एक, तो लाल दिव्यात हाताळता येतो. दोन, फोटो बिघडला तरी खिशाला फार चाट बसत नाही. मात्र तो मंद आहे. कॅमेऱ्यात वापरताना त्याचा आयएसओ (उजेड टिपण्याच्या वेगाचा आकडा, लहान म्हणजे मंद) साधारण ३ ते १२ च्या दरम्यान धरतात. सुरुवातीला ६ धरून चाला.

बाथरूममध्ये, रात्री, दाराच्या फटीला चादर लावून लाल एलईडी दिव्यात कागद कापा. पाच बाय सातमधून पाच बाय पाच इंचांचा चौकोन गोल झाकणात नीट बसतो. उरलेली दोन इंची पट्टी टाकू नका, चाचण्यांसाठी लागते. चकचकीत बाजू भोकाकडे ठेवून कागद झाकणाच्या आतल्या बाजूला लावा. डबा लोखंडी पत्र्याचा असल्यामुळे चार कोपऱ्यांवर चार बारीक लोहचुंबक ठेवले की काम होतं. झाकण लावून सांध्यावर काळ्या टेपचे दोन थर द्या.

तुमचा लाल दिवा खरोखर निर्धोक आहे का, हे आधी तपासा. कागदाच्या पट्टीवर एक नाणं ठेवा, दिव्याखाली पाच मिनिटं राहू द्या, मग पट्टी डेव्हलप करा, म्हणजे रसायनांतून काढून चित्र उमटवा (कृती पुढे दिली आहे). नाण्याची पांढरी गोल खूण दिसली तर दिवा लांब न्या किंवा बदला. डब्यासाठीही अशीच चाचणी: भोक बंद ठेवून भरलेला डबा अर्धा तास उन्हात ठेवा. डेव्हलप केल्यावर कागद पांढराशुभ्र राहिला पाहिजे. काळी रेघ आली तर ती जिथून सुरू होते तिथे फट आहे.

डबा कुठे, कसा

हा कॅमेरा फार रुंद बघतो, जवळजवळ ९० अंश. त्यामुळे व्ह्यूफाइंडर म्हणून कंपासपेटीतला गुण्या पुरतो. काटकोनाचा कोपरा भोकावर ठेवायचा, दोन भुजांच्या मधे जे दिसतं ते फोटोत येणार. नवखे लोक सगळी खोली यावी म्हणून डबा कोपऱ्यात लांब ठेवतात, मग फोटोत लांबवरची बारीक भांडी आणि पुढे रिकामी फरशी. जवळ जा. मुख्य वस्तू भोकापासून फूट-दीड फुटावर असू द्या. पिनहोलमध्ये फोकसचा प्रश्नच नसतो, जवळचं आणि लांबचं सारखंच स्पष्ट. कोपरे आपोआप गडद होतात, म्हणून महत्त्वाचं काही कोपऱ्यात ठेवू नका.

डबा गोल आहे, उभा ठेवला की लोळतो. दोन्ही बाजूंना खोडरबर किंवा चिकणमातीचे ठोकळे लावा, वरून जड पुस्तक ठेवा. फ्रिजवर ठेवू नका, कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळं थरथरतं. सर्वांत सोपी जागा म्हणजे फरशी: भोक वर करून डबा आडवा ठेवा आणि छताचा, पंख्याचा फोटो घ्या. लोळण्याचा प्रश्न नाही, आणि पंखा चालू असेल तर त्याची फिकट गोल चकती येते.

घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. केर काढताना डबा सरकवला, मुलांनी 'आत काय आहे' म्हणून उघडला, असे फोटो गेले तर परत येत नाहीत. डब्यावर मोठ्या अक्षरांत 'हात लावू नये' लिहिलेलं बरं.

वेळेचा हिशोब

मोबाइलवर लाइट मीटरचं कोणतंही फुकट ॲप घ्या. आयएसओ १०० आणि एफ/१६ असं ठरवा, डबा ठेवला आहे तिथून मुख्य वस्तूकडे रोखा आणि किती सेकंद दाखवतो ते पाहा.

आता कागद आयएसओ १०० पेक्षा साधारण १६ पट मंद. भोक एफ/१६ पेक्षा १९७ भागिले १६ चा वर्ग, म्हणजे साधारण १५० पट कमी उजेड देणारं. दोन्हींचा गुणाकार २४०० च्या आसपास. म्हणून ०.३३ मिलिमीटरच्या भोकाला ढोबळ नियम: मीटरचा १ सेकंद म्हणजे डब्याची ४० मिनिटं. भोक ०.४ मिलिमीटर निघालं असेल तर ४० ऐवजी २७ धरा.

खिडकीतून बरा उजेड येणाऱ्या खोलीत मीटर २ सेकंद दाखवतो असं समजा. ८० मिनिटं झाली. पण एवढ्यावर भागत नाही. उजेड फार मंद असला की इमल्शन (कागदावरचा उजेड टिपणारा थर) सुस्तावतं, दुप्पट वेळ दिला तरी दुप्पट परिणाम होत नाही. याला रेसिप्रॉसिटी फेल्युअर म्हणतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ताऱ्यांचे फोटो घेताना कार्ल श्वार्झशिल्ड या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने याचं मोजमाप केलं. कृष्णविवरांच्या गणितात ज्याचं नाव येतं तोच हा. फिल्मसाठी कंपन्या आकडे देतात. इल्फर्डच्या एचपी५ प्लस या फिल्मला मोजलेल्या सेकंदांचा १.३१ वा घात घ्यायचा असतो, म्हणजे मीटरवरून काढलेली १० मिनिटं प्रत्यक्षात ७२-७३ मिनिटं होतात. कागदासाठी असे छापील आकडे सहसा हाताशी नसतात, म्हणून सुरुवात अशी करा: अर्ध्या तासाच्या आत हिशोब आला तर दीडपट, एक-दोन तास आला तर दुप्पट, त्यापुढे तिप्पट. आपली ८० मिनिटं झाली २ तास ४० मिनिटं.

रात्रीच्या दिव्यात मीटर ६ सेकंद दाखवत असेल तर ४ तास, तिप्पट केले की १२. दिवा रात्रभर चालू ठेवावा लागेल. इथे दिव्याचा रंगही बघायचा. कागदाला निळा उजेड दिसतो, मल्टिग्रेड प्रकारचा कागद असेल तर थोडा हिरवाही, लाल जवळजवळ दिसतच नाही. पिवळसर बल्बमध्ये निळा भाग कमी असतो, मीटरला मात्र ते कळत नाही. पांढऱ्या एलईडी ट्यूबखाली हिशोब बराचसा जमतो, पिवळ्या दिव्याखाली आणखी वेळ वाढवा.

दिवसाचा उजेड बदलत राहतो, मग कोणता आकडा धरायचा? शाळेतली हौद आणि नळाची गणितं आठवा. सकाळी १० च्या उजेडात फोटोला ३ तास लागणार असतील तर त्या वेळचा एक तास हौदाचा तिसरा हिस्सा भरतो. दुपारी ४ ला ६ तास लागणार असतील तर तेव्हाचा एक तास सहावा हिस्सा. दर तासाला मीटर बघून हिस्से मिळवत जा, बेरीज एक झाली की शटर मिटा. मधे लाइट गेली, पाहुणे आले, बाहेर जायचं झालं तर भोक बंद करा, परत येऊन उघडा. डबा जागचा हलला नाही तर फोटो बिघडत नाही.

पहिल्यांदा एकाच दृश्याचे तीन कागद खर्च करा: हिशोबाच्या निम्म्या वेळेचा, हिशोबाचा आणि दुप्पट. वहीत तारीख, खिडकी, मीटरचा आकडा, प्रत्यक्ष वेळ लिहा. त्यानंतर तुमच्या डब्याचा स्वतःचा गुणक तयार होतो आणि वरचे माझे नियम विसरलात तरी चालतात.

काय राहतं, काय पुसलं जातं

पाच तासांच्या एक्स्पोजरमध्ये कुणी खुर्चीत दहा मिनिटं बसून गेलं, तर फोटोत खुर्ची रिकामी येते. माणूस अंधुक का होईना दिसायचा असेल तर एकूण वेळेच्या निदान चौथा हिस्सा तो एका जागी हवा. फिकट कपडे आणि मागे गडद भिंत असेल तर लवकर उमटतो, उलट असेल तर नाही. दुपारी आजोबा आरामखुर्चीत दोन तास झोपत असतील तर यापेक्षा चांगलं मॉडेल मिळणार नाही. फक्त त्यांना आधी विचारा.

भिंतीवरचं घड्याळ गमतीशीर येतं, आकडे ठळक आणि काटे गायब. टीव्हीचा पडदा संध्याकाळभरात कोरा पांढरा आयत होतो. पडदे, कॅलेंडरची पानं, टांगलेले कपडे पंख्याच्या वाऱ्याने हलतात आणि पुसट होतात. हलू नये असं वाटत असेल तर पंखा बंद करा. रंगांचा खेळ वेगळाच: कागदाला लाल दिसत नसल्यामुळे जास्वंद, कुंकू, लाल साडी हे सगळं फोटोत काळं येतं, आणि निळी वस्तू अपेक्षेपेक्षा पांढरी.

यावरून घरच्या गणपतीसाठी एक प्रयोग सुचवतो. सलग दहा दिवस डबा उघडा ठेवला तर कागद पूर्ण काळा पडेल. त्याऐवजी कपाटावर, कुणाचा हात लागणार नाही अशा जागी मखराकडे रोखून डबा पक्का बसवा आणि भोक फक्त आरतीच्या वेळी उघडा. रोज दोन आरत्या, प्रत्येकी वीस मिनिटं धरली तर दहा दिवसांत ४०० मिनिटं होतात, म्हणजे ६ तास ४० मिनिटं. दिव्यांच्या उजेडात हे जवळपास बसतं, थोडं कमी पडलं तर आरतीनंतर अर्धा-एक तास जादा उघडा ठेवा. मूर्ती आणि मखर स्थिर राहतात. समोर उभं राहणारं माणूस रोज वेगळं, म्हणून पुढे फक्त गर्दीचा धूसर थर येतो. रोषणाईची माळ मात्र डब्याच्या अगदी समोर येऊ देऊ नका, आणि वाहिलेलं जास्वंद काळं दिसेल याची घरच्यांना कल्पना द्या.

डेव्हलप करणं

तीन ट्रे, चिमटे, हातमोजे. ही भांडी परत स्वयंपाकघरात जाता कामा नयेत. पहिल्या ट्रेमध्ये पेपर डेव्हलपर, बाटलीवर लिहिल्याप्रमाणे पातळ केलेलं. दुसऱ्यात एक भाग पांढरं व्हिनेगर आणि दोन भाग पाणी. तिसऱ्यात फिक्सर, म्हणजे चित्र पक्कं करणारं द्रावण.

डेव्हलपरच्या वेळा २० अंश सेल्सियसला धरून दिलेल्या असतात. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नळाचं पाणी त्याहून बरंच गरम असतं आणि चित्र भराभर काळं पडतं. ट्रे बर्फाच्या पाण्याच्या परातीत ठेवा. कागद डेव्हलपरमध्ये टाकून ट्रे हलकेच हलवत राहा, आरसी कागदाला मिनिट-दीड मिनिट लागतं. काळा पडतोय म्हणून घाबरून मधेच बाहेर काढू नका, पूर्ण वेळ द्या. नाहीतर एक्स्पोजर जास्त होतं की डेव्हलपिंग कमी, हे कळणार नाही. मग काही सेकंद व्हिनेगरच्या पाण्यात, मग बाटलीवर दिलेला वेळ फिक्सरमध्ये, शेवटी वाहत्या पाण्याखाली तीन-चार मिनिटं. दार उघडं ठेवता येत नाही, पण एक्झॉस्ट पंखा चालू ठेवा. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते, तो मोरीत ओतू नका. बंद कॅनमध्ये साठवा आणि एखाद्या फोटो लॅबला किंवा घातक कचरा घेणाऱ्यांना द्या.

हाती येईल ती निगेटिव्ह: खिडकी काळी, सावल्या पांढऱ्या. पूर्ण काळी आली तर पुढच्या वेळी एक्स्पोजर चौथ्या हिश्शावर आणा. फक्त खिडकीच उमटली आणि बाकी कागद पांढरा राहिला तर चौपट करा. दहा-वीस टक्क्यांनी वेळ बदलून फरक दिसत नाही. खिडकी आणि खोली यांतला फरक फारच टोकाचा येत असेल तर खिडकी चौकटीबाहेर ठेवा, उजेड बाजूने येऊ द्या.

वाळलेली निगेटिव्ह स्कॅन करून कोणत्याही फोटो ॲपमध्ये रंग उलटवा. सरळ करून बघितलं तर कॅलेंडरवरची अक्षरं आरशातल्यासारखी दिसतील. भोकातून पडणारी प्रतिमा खालची वर आणि डावीची उजवीकडे होते. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात गोपुराची उलटी प्रतिमा अंधाऱ्या खोलीत भिंतीवर पडते, त्यामागे हेच कारण आहे. आपण कागद भोकाच्या बाजूने बघतो, त्यामुळे तो फिरवून सरळ केला तरी डावं-उजवं उलटंच राहतं. ॲपमध्ये आडवं फ्लिप केलं की झालं.

रसायनं नकोत, वेळ भरपूर आहे

डार्करूमचा खटाटोप जमणार नसेल तर दुसरा रस्ता आहे. फोटोपेपर डेव्हलप न करताही भरपूर उजेडाने आपोआप काळवंडतो. डबा खिडकीकडे रोखून महिनोन्महिने तसाच उघडा ठेवायचा. अशा पद्धतीने आकाशात सूर्याचे मार्ग टिपतात, त्याला सोलारग्राफी म्हणतात. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या बेफर्डबरी वेधशाळेत रेजिना वॉल्कनबर्ग यांनी २०१२ मध्ये बिअरच्या कॅनचा असा कॅमेरा लावला आणि तो विसरला गेला. २०२० मध्ये काढला तेव्हा आठ वर्षं एक महिन्याच्या त्या एकाच फोटोत सूर्याचे २,९५३ मार्ग मोजले गेले.

घराच्या आत मात्र अपेक्षा माफक ठेवा. खोलीतल्या भिंती, फर्निचर यांच्या परावर्तित उजेडाने कागद काळवंडायला फार काळ लागतो, कित्येकदा त्या उमटतच नाहीत. उमटते ती खिडकीची चौकट, ग्रिल, कुंड्या आणि त्यापलीकडचं आकाश. म्हणून डबा खिडकीपासून फूटभर अंतरावर, बाहेर बघत ठेवा. दक्षिणेची खिडकी असेल तर डिसेंबरच्या अखेरीस लावून मेमध्ये काढा, सूर्याच्या रेषा दिवसेंदिवस वर सरकलेल्या दिसतील. पावसाळ्यात लावायचा असेल तर, विशेषतः कोकणात, कागदाला बुरशी आणि डाग येतात. डब्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या टाका, पण भोक आणि कागद यांच्या आड येणार नाहीत अशा.

कागद काढल्यावर तो फिक्सरमध्ये बुडवू नका, चित्र खूपच फिकं पडतं. तो उजेडाला अजूनही संवेदनशील असतो, स्कॅनरच्या दिव्यालासुद्धा. त्यामुळे अंधाऱ्या खोलीत काढा आणि प्रिव्ह्यू न घेता थेट ६०० किंवा १२०० डीपीआयवर एकदाच स्कॅन करा. रंगीत मोडमध्ये करा, कारण ब्लॅक अँड व्हाइट कागद असूनही तपकिरी, गुलाबी, निळसर छटा येतात. स्कॅन झाल्यावर मूळ कागद काळ्या पाकिटात, वर तारीख आणि खिडकीची दिशा लिहून.